तिन्ही आवारं रिकामी

धाकट्याला मारायला त्यांना फार वेळ लागला नाही. तुरुंगाच्या मधल्या आवारात, नळाच्या ओट्याजवळ तो पहाऱ्यावर उभा होता. पहिल्या आवाराकडचं लोखंडी फाटक सरकलं, टेकडीवाल्यांची टोळी आत घुसली आणि नदीवाल्यांवर तुटून पडली. धाकटा मधे पडला; पगार त्याचाच होता. फरशीवर घासून टोक काढलेला चमचा कुणीतरी त्याच्या कानाखाली खुपसला आणि बाहेर न काढता आतल्या आत फिरवला. नदीवाल्यांचे तिघे गेले. त्यातल्या एकाचं डोकं ओट्याच्या कडेवर इतक्या वेळा आपटलं होतं की चेहऱ्यावरून त्याची ओळख पटेना.

शिट्ट्या, ढाली, पाण्याचे फवारे, सगळं आलं. ते येईपर्यंत उरकलं होतं.

धाकट्याला उचलून बाहेर आणलं ते त्याच्या थोरल्या भावाने. थोरला त्याच तुरुंगात हवालदार होता आणि सगळा तुरुंग त्याला हवालदार याच नावाने ओळखायचा. देह दवाखान्याच्या टेबलावर ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की शर्टाच्या बाह्या अजून कडक आहेत. त्या पहाटे त्यानेच इस्त्री करून दिली होती. धाकट्याला इस्त्री जमत नसे, प्रत्येक बाहीला तो दोन-दोन घड्या पाडायचा आणि वर म्हणायचा, एक माझी, एक सरकारची. आता कॉलर रक्तात भिजून मऊ झाली होती आणि बाह्यांवरची एकेक घडी जशीच्या तशी होती.

फाटक उघडलं कुणी, याचं उत्तर शोधायला कुठे जावं लागलं नाही. ते कंट्रोल रूममधल्या बटणाने उघडायचं आणि बटणावर त्या सकाळी भावोजी होता. भावोजी म्हणजे या दोघा भावांच्या बहिणीचा नवरा. बारीक अंगाचा, थट्टेखोर, पहारेकऱ्यांशी बोलायचा तसाच कैद्यांशी बोलणारा माणूस. आदल्याच दिवशी तो टेकडीवाल्यांपैकी एकाशी गजांतून हसत बोलताना चार जणांनी पाहिला होता. चौघांनाही ते आता आठवलं.

तिन्ही आवारं एका ओळीत होती. पहिल्यात टेकडीवाले, मधल्यात नदीवाले, शेवटच्यात कामकरी, म्हणजे धोबीखान्यात आणि सुतारशाळेत राबणारे कैदी. दोन टोळ्यांचं वैर इतकं जुनं होतं की ते कशावरून सुरू झालं हे दोन्हीकडे कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून तुरुंगाने एक प्रोग्राम बसवून घेतला होता. प्रत्येक कैद्याच्या मनगटाला पट्टा. कैदी दारातून आवारात शिरताना यंत्र पट्टा वाचायचं आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर त्या आवाराचा दिवा लाल व्हायचा. आवार रिकामं झालं की हिरवा. मधल्याचा दिवा लाल असेल तर फाटकाचं बटण बोट मोडेपर्यंत दाबलं तरी फाटक जागचं हलत नसे.

सकाळचा क्रम ठरलेला होता. आधी कामकरी कामावर जायचे आणि बटणावरचा माणूस शेवटचं आवार रिकामं झाल्याची नोंद करायचा. मग नदीवाले आपल्या बराकीत परतायचे. मधला दिवा हिरवा झाला की फाटक उघडून टेकडीवाल्यांना मधल्या आवारातून न्हाणीघराकडे न्यायचं.

भावोजीचं म्हणणं एवढंच होतं. कामकरी गेले, त्याने नेहमीसारखी नोंद केली, फोन वाजला म्हणून तो वळला, आणि परत बघितलं तर मधला दिवा हिरवा. नदीवाले आज लवकर आत गेले असतील असं समजून त्याने बटण दाबलं. पहिल्या आवाराच्या दिव्याकडे त्याने पाहिलंच नव्हतं. जिथे माणसं पाठवायची तिथला दिवा बघा, असं त्याला शिकवलं होतं. खिडकीतून तरी बघायचं होतं, असं कुणी म्हणालं, तर खिडकीवर पत्रा होता. स्क्रीनवर ऊन पडतं म्हणून तो कधीच ठोकून टाकला होता.

प्रोग्राम ज्यांनी लिहिला त्या बाईंना दुसऱ्या दिवशी बोलावलं. प्रोग्रामरबाई तिशीच्या, पायात कापडी बूट, खांद्यावर स्वतःच्या वजनाची बॅग. त्यांनी अधीक्षकांसमोर चाचणी घेतली. कामकऱ्यांना शेवटच्या आवारात आणलं, नदीवाल्यांना मधल्यात, मग कामकऱ्यांना बाहेर काढून नोंद केली. शेवटचा दिवा हिरवा झाला. मधला लालच राहिला. बाईंनी फाटकाचं बटण दाबलं, फाटक हललं नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

अधीक्षकांनी हवालदाराकडे पाहिलं. हवालदाराने भावोजीकडे. भावोजी म्हणाला, "दिवा हिरवा होता." त्यानंतर त्याला खोटं बोलण्यावाचून दुसरं काही येत नाही असंच सगळ्यांनी धरलं.

हवालदार त्या संध्याकाळी बहिणीच्या घरी गेला. धाकट्याला पोचवून आले होते. घरात माणसं बसली होती. बहीण स्वयंपाकघरात भांडी घासत होती. घासलेलीच पुन्हा घासत होती. तिने मान वर केली नाही. लहानपणापासून धाकट्याला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं आणि नवऱ्याशी तिचं लग्न ठरवलं होतं ते याच थोरल्या भावाने. ती म्हणाली, "त्यांनी केलं असेल तर त्यांना घरी आणू नकोस. काय करायचं ते कर. पण केलं नसेल, दादा, तर मला ते हातापायांनी धड पाहिजेत."

भावोजीला कांबळ्यांच्या कोठारात ठेवलं होतं. ही खोली पहारेकऱ्यांना चांगली माहीत होती. कांबळी आवाज पितात. तिथली एक रीत होती. घड्याळ आणि कमरेचा पट्टा काढून खुंटीला लावायचा, हाताला ओला टॉवेल गुंडाळायचा, म्हणजे कातडी फुटत नाही आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरला लिहायला काही सापडत नाही. हवालदाराने घड्याळ काढलं, पट्टा काढला. टॉवेल त्याने घेतला नाही.

"किती दिले त्यांनी तुम्हाला?" मारतानाही त्याच्या तोंडून 'तुम्ही'च जात होतं. बहिणीच्या नवऱ्याला अरे-तुरे करायची सवय जिभेला नव्हती.

भावोजी पडला, उठला, पुन्हा पडला. दोन दात कांबळ्यांच्या घडीत कुठेतरी गेले. एका डोळ्याची फट झाली. तो ओरडला फार थोडा. मधे एकदा भिंतीला टेकून श्वास घेताना तो म्हणाला, "दादा, मी पैसे घेतले असते तर तुमच्या बहिणीने ते त्याच दिवशी शोधून काढले असते."

हे खरं होतं. एरवी हवालदार यावर हसला असता. त्याने भावोजीच्या बरगड्यांवर गुडघा घातला आणि काहीतरी मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

पहाटेपर्यंत उत्तर तेच राहिलं. दिवा हिरवा होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हवालदार अधीक्षकांच्या खोलीत गेला आणि म्हणाला की माणूस बोलत नाही, त्याला तासभर मधल्या आवारात ठेवायला हवं. अधीक्षक समजले. मधल्या आवारात नदीवाले होते, त्यांचे तिघे मेले होते आणि फाटकवाल्याने आपल्याला विकलं अशी त्यांची खात्री होती. दंगलीनंतर मधल्या आवाराच्या लहान दाराला दोन किल्ल्या केल्या होत्या, एक हवालदाराकडे, दुसरी अधीक्षकांकडे, आणि दोन्ही लावल्याशिवाय ते उघडत नसे. अधीक्षकांनी आपली किल्ली टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धुतले. परत आले तेव्हा भावोजी मधल्या आवारात पोचला होता आणि किल्ली होती तिथेच होती. ती खिशात टाकून ते मुख्य कार्यालयात जबाब द्यायला निघून गेले आणि त्यांच्याबरोबर किल्लीही गेली.

नदीवाल्यांच्या म्होरक्याला मास्तर म्हणत. आपण एकेकाळी शाळेत शिकवायचो असं तो सांगे. तो शाळेत शिकला होता याचाही पुरावा नव्हता. हवालदाराने त्याला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. त्याला बोलतं करा. बोलला की हात वर करा, मी येतो.

"नाही बोलला तर?" मास्तरने विचारलं होतं.

हवालदार तोवर चालू लागला होता. बुरुजावरच्या पहारेकऱ्याला त्याने तेवढं सांगून ठेवलं की आज जरा बाहेरच्या रस्त्यावर नजर ठेव.

मग तो कंट्रोल रूममध्ये आला. पहिलं आवार ओसाड होतं, टेकडीवाल्यांना दंगलीपासून कोठड्यांत कोंडलं होतं. शेवटच्या आवारातले कामकरी कामावर गेले होते. स्क्रीनवर दोन दिवे हिरवे, मधला लाल. टेबलाशी प्रोग्रामरबाई लॅपटॉप उघडून बसल्या होत्या. प्रोग्राममध्ये दोष नाही असं त्यांना लिहून द्यायचं होतं आणि लिहून द्यायच्या आधी त्या तो पुन्हा एकदा वरपासून वाचत होत्या. हवालदाराने खिडकीवरच्या पत्र्यात बोटं घातली आणि तो खिळ्यांसकट उपटला. बाई दचकल्या. पत्रा कोपऱ्यात फेकून तो गजांशी उभा राहिला.

खाली भावोजी ओट्याजवळ उभा होता. ज्या ओट्याजवळ धाकटा उभा होता तिथेच. नदीवाले त्याच्याभोवती सैल घोळका करून होते. मास्तर त्याला काहीतरी विचारत होता, अगदी शांतपणे, बोट नाचवत. भावोजीने मान हलवली. मागून कुणीतरी त्याच्या मोडलेल्या बरगड्यांवर लाथ घातली.

"तिकडे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"कसरत."

बाई पुन्हा वाचायला लागल्या.  मग त्यांची बोटं थांबली.

"हवालदार, जरा इकडे येता?"

"इथूनच बोला."

 त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी लिहिलं, बघितलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्यांचा आवाज आला तेव्हा तो वेगळाच होता. "त्या दिवशी पहाटे वीज गेली होती का?"

"नाही."

"हे मशीन बंद झालं होतं का? कसंही. मिनिटभर का होईना."

खाली मास्तरने पायातला मोजा काढला होता आणि त्यात ओट्यापाशी पडलेला दगड घालत होता. हवालदार त्याच्याकडे बघत राहिला. मशीन बंद झालं होतं का? त्या पहाटे पहारेकऱ्यांच्या खोलीतलं जाड पिनांचं सॉकेट जळालं होतं. तसं दुसरं सॉकेट फक्त या खोलीत होतं, टेबलाखाली, आणि त्यात मशीनची वायर असे. रात्रपाळीचा माणूस तोंड धुवायला गेला होता. हवालदाराने वायर काढली, इस्त्री लावली, धाकट्याचा शर्ट टेबलावर पसरला. बाह्या, कॉलर, पाठ. मग इस्त्री काढून वायर पुन्हा लावली आणि स्क्रीन उजळेपर्यंत थांबला. एवढी काळजी त्याने घेतली होती.

"झालं होतं," तो म्हणाला.

"मग दिवा हिरवाच झाला असणार," बाई म्हणाल्या.

आता तो वळला. बाईंनी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. त्या घाईघाईने सांगत होत्या, मधे मधे थांबून स्वतःलाच दुरुस्त करत. प्रोग्राम सुरू होताना तिन्ही आवारांना पहिली किंमत द्यावी लागते. पूर्वी नुसती माणसांची संख्या ठेवायची होती, म्हणून त्यांनी एकाच ओळीत तिघांना मिळून शून्य दिलं होतं. शून्याचं तसं चालतं. पुढे एकाचे पाच झाले तरी दुसऱ्याचं शून्य शून्यच राहतं. मग अधीक्षकांनी सांगितलं की संख्या नको, आवारात कोण कोण आहे ते पाहिजे. तेव्हा बाईंनी शून्य खोडलं आणि त्या जागी रिकामा डबा ठेवला, नावं भरायला. बाकीची ओळ तशीच राहू दिली.

"मग?"

"डबे तीन झालेच नाहीत. डबा एकच, त्याला चिठ्ठ्या तीन. पहिलं, मधलं, शेवटचं. कुठल्याही चिठ्ठीने नाव टाका, त्याच डब्यात पडतं. त्यांनी शेवटचं रिकामं झाल्याची नोंद केली, तेव्हा तो एकच डबा रिकामा झाला." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. त्यांनी तीन खोटी नावं तीन आवारांत टाकली होती आणि फक्त शेवटचं रिकामं केलं होतं. तिन्ही ओळींपुढे काहीच उरलं नव्हतं. "तिन्ही दिवे हिरवे."

"काल माझ्यासमोर नीट चाललं."

"रोज संध्याकाळच्या मोजणीनंतर तिघांना नवे, वेगळे डबे मिळतात. म्हणून एवढे महिने कळलं नाही. फक्त मोजणीनंतर मशीन बंद पडून पुन्हा सुरू झालं, तर सकाळभर..." त्या थांबल्या. "त्यांनी काही केलेलं नाही. दिवा खरंच हिरवा होता."

हवालदार खिडकीशी गेला. मोजा फिरला. भावोजीने डोकं वाचवायला हात वर घेतला होता आणि दगड कोपराच्या वर बसला. हात जिथे वाकत नसतो तिथे वाकला. दोघांनी तोच हात धरून ओट्याच्या कडेवर ठेवला आणि तिसऱ्याने त्यावर पाय दिला. भावोजीची किंकाळी पहिल्यांदाच एवढ्या वरपर्यंत आली. मास्तरने खिडकीकडे पाहिलं आणि खांदे उडवले. हात वर केला नाही, कारण माणूस अजून बोलला नव्हता.

"थांबा रे!" हवालदार गजांतून ओरडला. घोळक्यातल्या दोघांनी वर पाहिलं आणि पुन्हा खाली. बुरुजावरचा पहारेकरी पाठ करून रस्ता बघत उभा होता, तसं ठरलंच होतं.

लहान दाराची दुसरी किल्ली अधीक्षकांच्या खिशात, अधीक्षक गाडीत. उरलं फाटक. मधला दिवा लाल होता आणि आज प्रोग्राम अगदी बरोबर चालला होता.

"हे सुरू होतं तेव्हा काय धरून चालतं?" हवालदाराने विचारलं.

बाईंना आधी कळलं नाही. मग कळलं. "तिन्ही आवारं रिकामी."

"आत माणसं असली तरी?"

"पट्टे दारातच वाचले जातात. आत आधीपासून असलेल्यांचं त्याला काहीच माहीत नसतं. पण हवालदार, फाटक उघडलं की ते सगळे..."

तो टेबलाखाली वाकला होता. तेच सॉकेट, तीच वायर. त्याने ती ओढून काढली आणि स्क्रीन काळी झाली. पुन्हा घातली. काळ्या स्क्रीनवर पांढरी अक्षरं सरकू लागली, सावकाश, एकामागून एक. खाली काय चाललं आहे ते आता त्याने बघितलं नाही, पण आवाज येत होते. ओला कपडा धोपटावा तसे.

"हिरवे झाले की बटण दाबा. मी पहिल्या आवारात असेन. मी हात वर केला की बंद करा."

"तुम्ही आतच राहिलात तर?"

"तरी बंद करा."

तो जिना उतरला, पहिल्या आवाराचं दार आपल्या किल्लीने उघडलं आणि रिकाम्या आवारातून फाटकाकडे धावला. फाटक बंद होतं. त्याने गजांवर दंडुका आपटला, एकदा, दोनदा. मग आतली मोटर गुरगुरली आणि फाटक सरकलं, दोन दिवसांपूर्वी सरकलं होतं तसंच.

नदीवाले मागे वळले. फाटक उघडलं म्हणजे टेकडीवाले आले, अशीच त्यांची समजूत झाली, आणि क्षणभर सगळे भिंतीकडे हटले. तेवढा क्षण हवालदाराला मिळाला. त्याने पहिल्या माणसाच्या जबड्यावर दंडुका घातला. जबडा एका बाजूला सरकला आणि तो माणूस बसला तो तिथेच, तोंड धरून. दुसऱ्याची गुडघ्याची वाटी फुटली. मग त्यांनी ओळखलं की तो एकटाच आहे.

कुणीतरी मागून त्याच्या मांडीत काहीतरी खुपसलं. तो चमचा होता की खिळा, ते त्याने बघितलं नाही. दंडुका उलटा फिरवून त्याने मागच्या माणसाचं नाक सपाट केलं. मास्तर समोर आला, मोजा फिरवत. दगड हवालदाराच्या खांद्यावर बसला आणि डावा हात बधिर झाला. उजव्याने त्याने मास्तरचे केस पकडले आणि त्याचं तोंड ओट्याच्या कडेवर आणलं. एकदा आणलं. दुसऱ्यांदा आणताना त्याला ती कड ओळखीची वाटली आणि हात सुटला.

"दगाबाज," मास्तर रक्त थुंकत म्हणाला. "तूच ना त्याला आमच्या हवाली केलंस?"

 हवालदाराने भावोजीची कॉलर धरली आणि ओढायला सुरुवात केली. भावोजी शुद्धीवर होता, टाचांनी फरशी ढकलायचा प्रयत्न करत होता. त्याचा मोडका हात मागून फरफटत येत होता. पाठीवर, मानेवर, डोक्यावर लाथा पडत होत्या, हवालदार मोजत नव्हता. फाटकाची रूळपट्टी पायाला लागली तेव्हा त्याने हात वर केला.

फाटक सरकू लागलं. दोघे नदीवाले फटीत घुसायला बघत होते. एकाला हवालदाराने छातीवर लाथ मारून आत पाडलं. दुसऱ्याने फाटकाची कड पकडली आणि सोडली नाही. फाटक थांबलं नाही. त्या माणसाच्या बोटांचा आवाज वरच्या खिडकीपर्यंत गेला असावा, कारण बाईंनी तोंडावर हात घेतला होता, दुसरा हात मात्र बटणावर होता.

पहिल्या आवाराच्या फरशीवर दोघे पडून राहिले. भावोजीचा एकच डोळा उघडत होता. त्या डोळ्याने त्याने हवालदाराकडे बघितलं आणि पुटपुटला, "सांगत होतो ना."

त्याच संध्याकाळी प्रोग्रामरबाईंनी त्या एका ओळीच्या तीन ओळी केल्या, प्रत्येक आवाराला आपापला डबा. सुरू होताना दिवा हिरवा न राहता पिवळा राहावा, म्हणजे अजून माहीत नाही असं समजावं, हीही सोय केली. सगळं मिळून अर्धा तास लागला नाही. अहवाल त्यांनी स्वतःच्या सहीने दिला. अधीक्षकांनी त्यातली मधल्या आवारातल्या त्या तासाची दोन वाक्यं काढायला सांगितली. बाईंनी काढली नाहीत.

इस्पितळात भावोजीला आतल्या खोलीत नेलं होतं. बहीण आली तेव्हा हवालदार बाहेरच्या बाकावर बसला होता, मांडीला पट्टी, डावा हात गळ्यात. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"त्यांनी केलं होतं?"

"नाही."

दारातून आतलं दिसत होतं. डोकं, हात, छाती, सगळं पांढऱ्यात गुंडाळलेलं. डॉक्टरांनी हाताबद्दल काही सांगता येत नाही असं म्हटलं होतं. बहिणीने ते बघितलं. मग तिने भावाच्या उजव्या हाताकडे पाहिलं, बोटांच्या सांध्यांवरच्या खपल्यांकडे. त्या आजच्या नव्हत्या.

"मग हे कुणी केलं?"

"मी."

तिने त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली, मुठीने. बाकावरचा पाण्याचा स्टीलचा तांब्या उचलला आणि त्याच्या गळ्यात बांधलेल्या हातावर, खांद्यावर, जिथे बसेल तिथे मारत सुटली. परिचारिका धावत आली, तिला हवालदाराने मानेनेच थांबवलं. त्याने हात वर केला नाही, तोंड फिरवलं नाही. भुवई फुटून रक्त डोळ्यात आलं तरी तो तसाच बसून होता. खरं म्हणजे त्याला बरं वाटत होतं. हे चालू राहिलं असतं तर तो सकाळपर्यंत बसला असता.

"अजून आहे," तो म्हणाला. "त्या पहाटे मशीन मी बंद केलं होतं. म्हणून दिवा हिरवा झाला. त्याच्या शर्टाला इस्त्री करायची होती."

तांब्या वर गेलेला होता. तो वरच राहिला. तिने भावाकडे बराच वेळ पाहिलं, हा कोण आहे हे आठवत असल्यासारखं. मग तांब्या हळूच बाकावर ठेवला, सांडलेलं पाणी पदराने टिपलं आणि नवऱ्याच्या खोलीत जाऊन दार आतून लावून घेतलं.

हवालदार उठला. दुखऱ्या पायावर जोर न देता तो त्या दाराशी जाऊन उभा राहिला, भिंतीला पाठ लावून, पहाऱ्यावर उभा राहतात तसा. त्याला तिथून जा असं कुणी म्हणालं नाही, आणि आत ये असंही.